तांब्याला टेकलेलं घड्याळ

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते मात्र विचारू नका. कारण या गोष्टीत घड्याळं पुष्कळ आहेत आणि त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही.

एक राज्य होतं. राज्य तसं आटोपशीर. सकाळी न्याहारी करून राजा सीमेवर फेरी मारायला निघाला, की दुपारच्या जेवणाला घरी परत. राजा मनाने चांगला, प्रजा सुखी, शेजाऱ्यांशी भांडण नाही. त्यामुळे राजाजवळ वेळच वेळ होता, आणि अशा माणसाला घड्याळांचा नाद लागला तर त्यात नवल नाही.

हो, मनगटी घड्याळांचा. हत्ती, रथ आणि मनगटी घड्याळं एका गोष्टीत कशी, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी तो गोष्ट संपेपर्यंत खिशात ठेवावा. ही घड्याळं येत स्वित्झर्लंड नावाच्या देशातून. तिथला हिवाळा लांबलचक. शेतं बर्फाखाली बुजली, की तिथली माणसं खिडकीपाशी बसतात, डोळ्याला भिंग लावतात आणि मोहरीएवढी चाकं घडवतात, असं राजाने ऐकलं होतं. ऐकूनच त्याला त्या माणसांविषयी माया वाटायची.

राजाकडे अशी सत्तावीस घड्याळं होती. त्यांना त्याने नावं ठेवली होती. चांगल्या अर्थाने हो! एक होतं शास्त्रीबुवा. त्याला तारीख, वार, महिना सगळं पाठ. एक चांदोबा, त्याच्या तबकडीत इवलासा चंद्र वाढायचा आणि घटायचा. एक गवई, कडेची कळ दाबली की नाजूक घंटा वाजवून किती वाजले ते सांगायचं. एक होतं भिंगरी. त्याच्या पोटात एक पिंजरा सारखा गिरक्या घ्यायचा, आणि तो पाहताना राजाचं राज्यकारभारावरचं लक्ष उडायचं.

आणि एक होतं साधं. त्याचं नावच साधं. पोलादाचं, पांढऱ्या तबकडीचं, खाली सेकंदाचा छोटासा काटा. चंद्र नाही, घंटा नाही, गिरकी नाही. पण सत्तावीसांतलं ते सगळ्यात पहिलं.

ते राणीने दिलेलं होतं. लग्नाच्या दिवशी मुहूर्त टळायची वेळ आली तरी नवरदेव ओढ्याकाठी बगळे मोजत बसले होते. राणीने मांडवात उभं राहून वाट पाहिली. शेवटी धापा टाकत राजा आला, तेव्हा हार घालायच्या आधी तिने त्याच्या मनगटावर हे घड्याळ बांधलं. डोंगरापलीकडून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या पेटीतली बारा घड्याळं कानाशी लावून तिने हे निवडलं होतं.

"ह्याचा आवाज मला आवडला," ती म्हणाली. "आता तरी वेळेवर या."

राजाने ते वीस वर्षं मनगटावरून उतरवलं नाही. म्हणजे दिवसा नाही. निजताना काढून तो ते गादीवर कुठंतरी टाकायचा आणि सकाळी उशाशी ठेवलेल्या तांब्यापाशी सापडलं की उचलून, किल्ली देऊन पुन्हा बांधायचा. वीस वर्षांत त्यात मिनिटाचा फरक पडला नाही. राजा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "असं बरोबर चालणारं घड्याळ त्रिभुवनात नाही!"

राणी ऐकायची आणि काही बोलायची नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती.

ते घड्याळ बरोबर चालत नव्हतं. पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं होतं, की ते रोज थोडं पुढं पळतं. उघडून पाहायला जवळपास घड्याळजी नव्हता. मग तिने ते निजताना निरनिराळ्या तऱ्हेने ठेवून पाहिलं. उताणं ठेवलं तर ते आणखी पळायचं. पालथं ठेवलं तरी पळायचं. पण पट्टा अडकवून, किल्ली पिळायचं कडेचं बोंड वर करून, कुशीवर तांब्याला टेकवून ठेवलं, की दिवसभरात जेवढं पुढं गेलेलं असे तेवढं ते सकाळपर्यंत मागं येई. यंत्रांचंही अंग असतं, आणि त्यांनाही एका कुशीवर बरं वाटतं. राणीने ते ओळखलं आणि रोज न चुकता ते तांब्याला टेकवून ठेवू लागली. नवऱ्याच्या कौतुकाचा विरस कशाला करा, म्हणून त्याला सांगितलं मात्र नाही.

असं वीस वर्षं चाललं. मग राजाने कपाट करून घेतलं.

शिसवी कपाट, आत निळं मखमल, आणि मखमलीत सत्तावीस खळगे. कपाट बघायला शेजारच्या राज्याचा राजा आला. तो याचा बालमित्र. त्यालाही घड्याळांचाच नाद. दोघं भेटले की आधी एकमेकांचं मनगट पाहायचे आणि मग तोंड. मित्राने कपाटाभोवती फेरी मारली, मान हलवली, आणि म्हणाला, "कपाट झकास आहे. पण तू घड्याळं नुसती सांभाळतोस. त्यांची परीक्षा कुठं घेतोस?"

"परीक्षा?"

"अरे, तुलना केल्याशिवाय चांगलं कुठलं ते कळणार कसं? माझ्याकडे नियम आहे. दर पौर्णिमेला भर मध्यान्ही सगळी ताडून पाहायची, आणि पुन्हा एकसारखी लावायची. लागोपाठ तीन पौर्णिमा जे शेवटचं येईल ते घराबाहेर. मधल्या दिवसांत फक्त किल्ली द्यायची. काटे हलवायचे नाहीत, पोट उघडायचं नाही. आणि मनगटावर रोज एकच मिरवायचं नाही. सत्तावीस आहेत ना? प्रत्येकाची पाळी लाव."

राजाला ते लागलं. मित्रापुढे कमीपणा कोण घेणार? त्याने तिथल्या तिथं, भर दरबारात, तोच नियम जाहीर केला. आणि साधं घड्याळ मनगटावरून काढून त्याने मखमलीच्या खळग्यात ठेवलं. उताणं, इतर सव्वीसांसारखंच.

त्या दिवसापासून राजवाड्यात तुलनेची साथच आली. राजा सकाळी तासभर सत्तावीस किल्ल्या पिळायचा आणि वहीत टिपणं करायचा. राणी दारातून विचारायची, "झाली का सगळ्यांची न्याहारी? मग आम्ही पानावर बसावं म्हणते." पुढं पुढं राजा घोडे ताडून बघू लागला, माळी ताडून बघू लागला. एकदा जेवताना म्हणाला, "कालच्यापेक्षा आजचं वरण पातळ आहे." राणीने नुसतं पाहिलं. राजाने मुकाट्याने वरण संपवलं.

पहिली पौर्णिमा आली. अंगणात एक शंकू रोवलेला होता. त्याची सावली सगळ्यात आखूड झाली, की दरबारचे ज्योतिषी जोशीबुवा आपलं गणित जमेस धरून घंटा देत, आणि राजा एकेका घड्याळाची वेळ वाचे. चांदोबा मिनिटभर मागं. शास्त्रीबुवा दोन मिनिटं पुढं. आणि साधं? तब्बल दहा मिनिटं पुढं!

"वाचण्यात चूक झाली असेल," राजा म्हणाला. चूक झाली नव्हती.

दुसऱ्या पौर्णिमेला पुन्हा तेच. साधं दहा मिनिटं पुढं, सगळ्यांत शेवटचं. राजाचा चेहरा उतरला. आता एकच पौर्णिमा उरली होती, आणि तिसऱ्या वेळी साक्षीला मित्र स्वतः येणार होता.

राणीचं मन कसं झालं असेल, सांगा. तिने मांडवात बांधलेलं घड्याळ घराबाहेर जाणार होतं. सांगावं, तर वीस वर्षं ज्या घड्याळाचा राजाला एवढा अभिमान, ते मुळातच चुकतं हे सांगावं लागणार. न सांगावं, तर ते जाणार. आणि खरं सांगायचं तर तिला रागही आला होता. वीस वर्षं रोज सकाळी घड्याळ त्याच जागी, त्याच कुशीवर उभं असायचं, आणि या माणसाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की हे इथं ठेवतं कोण?

"नियम माझाच आहे," एके दिवशी राजा तिला म्हणाला. साधं घड्याळ त्याने कानाशी धरलं होतं. "मोडू कसा?"

"मोडू नका," राणी म्हणाली. "नियम तरी बरोबर चालतोय ना? मग झालं." आणि ती उठून गेली.

दुसऱ्या पौर्णिमेनंतर बारा दिवस सरले. तेराव्या दिवशी दुपारी राजा जोशीबुवांकडे गच्चीवर गेला. करमत नव्हतं, दुसरं काय! जोशीबुवा पाटीवर आकडे मांडत बसले होते.

"बुवा, सावली सगळ्यात आखूड झाली की बारा वाजले. मग एवढं गणित कसलं करता?" राजाने विचारलं.

जोशीबुवा हसले. "महाराज, सूर्यनारायण कुठं रोज वेळेवर येतात? आपलं घड्याळ अगदी बिनचूक आहे असं धरलं, तरी सूर्य त्याच्याशी वर्षात चारच दिवस जुळतो. एरवी कधी पाव तास पुढं, कधी तितकाच मागं."

राजा थक्क झाला. "सूर्य चुकतो? आणि मग तुम्ही काय करता?"

"करायचं काय? आज तो किती मागंपुढं असणार, ते आम्हाला ठाऊक असतं. तेवढं सांभाळून घेतो. आमच्या आज्यानेही सांभाळून घेतलं. चुकतो म्हणून त्याला कुणी आकाशाबाहेर काढलेलं नाही."

 राजाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, जो खरं तर पहिल्या पौर्णिमेलाच उभा राहायला हवा होता. साधं घड्याळ वीस वर्षं बरोबर चाललं आणि आता चुकतं. घड्याळ तेच आहे. मग तेव्हा असं काय होतं, जे आता नाही?

तो तडक शयनगृहात गेला. पलंग, उशी, तिवई, आणि तिवईवर तांब्या. रोजचाच. राजाने तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. तांब्याच्या पोटावर, एका बाजूला, बोटाएवढी जागा झिजून लख्ख झाली होती, आणि तिथं अगदी हलका खळगा पडला होता. राजाने कपाटातून साधं घड्याळ आणलं, पट्टा अडकवला आणि त्या खळग्यापाशी टेकवलं. ते कुशीवर, किल्लीचं बोंड वर करून, असं चपखल उभं राहिलं, जणू घरी आलं.

तेव्हा त्याला आठवलं. रोज सकाळी ते असंच असायचं. आणि त्याने तर ते रोज गादीवर टाकलेलं असायचं.

राणी परसदारी जाई वेचत होती. राजा तांब्या घेऊन तसाच तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"हे किती वर्षं?" त्याने विचारलं.

राणीने तांब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "वीस वर्षं," ती म्हणाली. "बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा दासीला बजावून गेले होते."

"म्हणजे ते पहिल्यापासून चुकतं?"

"पहिल्यापासून पुढं पळतं. तुम्ही जगाला सांगत होतात, असं घड्याळ त्रिभुवनात नाही. मग मी कशाला तोंड उघडू?"

"मला सांगायचं तरी!"

"तुम्हाला दिसायला काय झालं होतं?" राणी म्हणाली, आणि एवढे दिवस धरून ठेवलेलं पाणी तिच्या डोळ्यांत आलं. "सत्तावीस घड्याळं तुम्ही भिंग लावून बघता. हे एवढं नाही दिसलं?"

 राजाला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त प्रेम वाटलं. तो तिथंच पायरीवर बसला. थोड्या वेळाने राणीही बसली.

"एक विचारू?" राजा हळूच म्हणाला. "मला जेव्हा हे बांधलंत, तेव्हा हे पुढं पळतं हे ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण बरंच झालं," राणी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही मागं राहणारे, हे पुढं पळणारं. दोघांना मिळून मी वेळेवर आणलं."

त्या दिवसापासून साधं घड्याळ पुन्हा तांब्यापाशी आलं. बारा दिवसांत ते चार मिनिटं पुढं गेलेलं होतं. काटे हलवायचे नाहीत हा नियम होता, आणि राजाने काटे हलवले नाहीत. त्याने घड्याळ फक्त कुशीवर ठेवलं, दिवसाही आणि रात्रीही. ते रोज थोडं थोडं मागं येऊ लागलं. राजा दिवसातून दहा वेळा येऊन बघायचा. राणी म्हणायची, "अहो, त्याला जरा पडू द्या." मग तो पाय न वाजवता परत जायचा.

तिसरी पौर्णिमा आली. मित्रराजा ऐटीत येऊन बसला. अंगणात गर्दी जमली. जोशीबुवांनी घंटा दिली. राजा एकेक वेळ वाचत गेला. गवई दोन मिनिटं मागं. भिंगरी, ती गिरकी घेणारी, सगळ्यांची लाडकी, चार मिनिटं मागं, आणि सगळ्यांत शेवटची.

आणि साधं? बाराला बारा!

मित्र उठून उभाच राहिला. "वा! काय घड्याळ आहे! दोनदा शेवटचं आणि तिसऱ्यांदा पहिलं! असं खरोखर त्रिभुवनात नाही."

आता राजाने नुसतं हसून मान डोलावली असती, तरी काम भागलं असतं. घड्याळ वाचलं होतं, नियम पाळला गेला होता, वर मित्राकडून कौतुकही मिळालं होतं. पण राजाने हात वर केला.

"हे घड्याळ चुकतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वीस वर्षं मी उगाच फुशारकी मारली. हे रोज पुढं पळतं, आणि राणीसाहेब रोज त्याला कुशीवर ठेवून मागं आणतात. घड्याळात खुबी नव्हती. खुबी त्यांच्या हातात होती, आणि मला ती दिसली नाही."

राणीने पदर सावरला आणि मान खाली घातली. पण ती हसत होती, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

राजा पुढं म्हणाला, "आणि तो नियम मी आज मोडीत काढतो. दर पौर्णिमेला कुणीतरी शेवटचं येणारच. आज भिंगरी, उद्या चांदोबा. असं करत गेलो, तर शेवटी सूर्यालाही बाहेर काढावं लागेल. विचारा जोशीबुवांना."

मित्रराजा खाली बसला. त्याचा चेहरा पडला होता. हळू आवाजात तो म्हणाला, "तुला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे आता तीनच घड्याळं उरली आहेत. एकोणतीस बाहेर काढली. आणि ही तिघंसुद्धा अशी भेदरून चालतात, की त्यांच्याकडे बघवत नाही." मग त्याने विचारलं, "उताणं ठेवलेलं पळतं, आणि कुशीवर ठेवलं की मागं येतं? मग ती एकोणतीस..."

"बाहेर काढलीस म्हणजे टाकलीस कुठं?"

"कोठारात. एका टोपलीत."

पुढच्या पौर्णिमेला मित्रराजा आला तो काखेत टोपली घेऊन. परीक्षा नव्हतीच. तो सरळ राणीपुढे बसला आणि एकेक घड्याळ काढून विचारू लागला, "वहिनी, हे कुठल्या कुशीवर ठेवू?" राणी ते कानाशी धरायची आणि म्हणायची, "ठेवून बघा. आठ दिवस लक्ष द्या. ते आपणच सांगेल."

त्या शिसवी कपाटाची शोभा मात्र पार गेली. मखमलीत एक घड्याळ उताणं, एक पालथं, दोन या कुशीवर, चार त्या कुशीवर, आणि शास्त्रीबुवा तर चक्क डोक्यावर उभे! बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, इथं कुणी आवरत नाही की काय. पण सत्तावीसच्या सत्तावीस आता मिनिटाच्या आत चालत होती.

साधं घड्याळ पुन्हा राजाच्या मनगटावर आलं. निजताना आता राजा स्वतःच ते तांब्याला टेकवून ठेवायचा. पहिल्याच दिवशी त्याने ते उलट्या कुशीवर ठेवलं, किल्लीचं बोंड खाली. राणीने हात लांबवून ते नीट वळवलं.

या वेळी मात्र राजाने ते पाहिलं.

तात्पर्य: आपल्या माणसाची चूक दुसऱ्याशी ताडून मोजत बसू नये; ती कोणत्या कुशीवर भरून निघते, ते ओळखावं.